नोकरी आहे, घर नाही: 'बेघर' म्हणायचं का?

निशिगंधा: अमेरिकेतल्या महागड्या शहरांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. नवराबायको दोघंही कामाला जातात, पण घरभाडं झेपत नाही. मग कधी मोटेलची खोली, कधी गाडी, कधी बहिणीचा हॉल. मूळ शब्द 'होमलेस'. मी 'बेघर' लिहिलं, तर संपादक विचारतात, "बहिणीकडे राहणारी बाई बेघर कशी?" दुसरा शब्द सुचवा.

आप्पा: 'बे' फारसी. 'गृहहीन' लिहा. नाहीतर 'अनिकेत', थेट गीतेतला.

टवाळखोर: गीतेतल्या अनिकेताने घराची आसक्ती स्वतः सोडलेली असते, इथे घरमालकाने सोडवली आहे. शिवाय माझ्या ओळखीचे सगळे अनिकेत टू-बीएचकेत राहतात.

रेवा: संपादकांचा प्रश्न तिकडच्या सरकारलाही पडलेला आहे. १९८७च्या मॅककिनी-व्हेंटो या बेघरांसाठीच्या कायद्याखाली शाळा नाइलाजाने नातेवाइकांकडे किंवा मोटेलात राहणाऱ्या मुलांना बेघर धरतात. घरबांधणी खातं मात्र स्वतःच्या पैशाने मोटेलात राहणाऱ्यांना बेघरांच्या शिरगणतीत घेत नाही, बहिणीकडे राहणाऱ्यांनाही नाही. म्हणजे एकच पोरगं शाळेत बेघर आणि शिरगणतीत गायब. तळटीप द्या, शब्द बदलू नका.

आप्पा: पण मोटेलला पैसे आहेत, तर भाड्याला का नाहीत?

रेवा: डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकरकमी लागतं. पूर्वी कधी घर खाली करायची नोटीस आली असेल, तर नवा मालक दारातूनच परत पाठवतो. मोटेल आठवड्याच्या आठवड्याला पैसे घेतं. महिन्याची बेरीज केली तर ते बरेचदा भाड्याहून महाग पडतं.

शमा_के: आम्ही लहानपणी काकांकडे राहायचो. बाबा कारखान्यात कायम होते. आम्हाला बेघर कुणीच म्हणालं नाही, 'आश्रित' मात्र म्हणाले. तो शब्द कृपा करून वापरू नका.

निशिगंधा: नाही वापरणार. 'बिऱ्हाडकरू' कसा वाटतो? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं?

टवाळखोर: बिऱ्हाडकरू भाडं भरतो हो! त्याला खोली असते, कधीकधी माजही असतो.

आप्पा: बिऱ्हाड हे वऱ्हाडावरूनच आलेलं. माणसं सामानासकट येऊन उतरतात.

रेवा: काहीतरीच. कन्नडमध्ये 'बिडार' आहे, मुक्काम, तळ अशा अर्थाचा.

आप्पा: सगळं कन्नडमधूनच आलं, तर मराठीत उरलं काय?

टवाळखोर: 'बे' फारसींना दिलाच आहे तुम्ही. बिऱ्हाडही देऊन टाका.

निशिगंधा: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. तळटीप किती ओळींची चालेल?

आप्पा: तळटिपेचं नंतर पाहू. 'बिडार'मधल्या 'ड'चा 'ऱ्ह' कुठल्या नियमाने झाला, ते आधी सांगा.