मदत हवी आहे: ठाणे-नवी मुंबईत कृत्रिम पाय देणारी सेवाभावी संस्था (माजी सैनिकासाठी), लवकर सांगा

कळवेकर_८८
नमस्कार. माझे मामा माजी सैनिक आहेत, एक पाय नाही. पाय खराब झालाय, बदलायचाय. ठाण्यातल्या एका दुकानाने २ लाख ४० हजार सांगितले. आमच्या आवाक्याबाहेर आहे. ठाणे, कळवा, वाशी, ऐरोली या भागात माजी सैनिकांना मोफत किंवा कमी पैशात पाय देणारी संस्था, ट्रस्ट, क्लब कोणाला माहीत असेल तर नाव आणि नंबर द्या. खूप घाई आहे. "गुगल करा" म्हणू नका, करून झालंय.

चहा_बिस्किट
"पाय खराब झालाय" म्हणजे कोणता? खरा की खोटा? मधुमेह आहे का?

कळवेकर_८८
खोटा हो. खरा नाहीच, म्हणून तर लिहिलंय.

सुई_दोरा
गुडघ्याच्या वर की खाली? यावर सगळं अवलंबून आहे. गुडघा शाबूत असेल तर खर्च आणि कष्ट दोन्ही खूप कमी. वय? वजन? आत्ता काय वापरतात? सॉकेट (पाय बसतो ती खोबण) सैल झालंय की पाऊल तुटलंय? मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे चौकशी समजू नका.

विलास_ठाकुर्ली
जयपूर फूट!! दुसरा विचारच नको. भगवान महावीर विकलांग सहायता समिती, १९७५ पासून फुकट पाय देतात, जात-पात, उत्पन्न काही विचारत नाहीत. माझ्या शेजाऱ्याला शिबिरात सकाळी माप घेऊन संध्याकाळी पाय दिला. मांडी घालता येते, उकिडवं बसता येते, अनवाणी चिखलातून चालता येते. परदेशी पायात ती सोय नाही. शिबिर कधी आहे तेवढं बघा.

कळवेकर_८८
@सुई_दोरा डावा, गुडघ्याखाली. वय ६१. वजन माहीत नाही, बारीक आहेत. खोबणीत पाय घट्ट बसत नाही, आत तीन-तीन मोजे घालतात, तरी चालताना खाडकन आवाज येतो. गेला आठवडा कुबडीवर आहेत.

हवालदार_निवृत्त
जय हिंद. कळवेकर, एक साधा प्रश्न. पाय कसा गेला? सेवेत की नंतर? पेन्शन कसली आहे? कोणती रेजिमेंट? हे न सांगता संस्था विचारताय. दुकानदाराकडे आणि ट्रस्टकडे जाण्याआधी हे सांगायचं असतं.

कळवेकर_८८
काय फरक पडतो? मराठा लाइट इन्फंट्री. १९९१ ला सुरुंगावर पाय पडला, काश्मीरकडे. १९९२ ला घरी आले. डिसॅबिलिटी पेन्शन येते.

हवालदार_निवृत्त
काय फरक पडतो म्हणे! अहो, सगळाच फरक पडतो. तुमच्या मामांना दान नकोच आहे, त्यांचा हक्क आहे. पुण्यात वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, लष्कराचं, १९४४ पासून. युद्धात हात-पाय गमावलेल्यांसाठीच ते काढलं. सेवेत पाय गमावलेल्या जवानाला तिथे पाय मोफत, दुरुस्ती मोफत, झिजला की बदलून मोफत. भरती करून घेतात, मापं होतात, चालायला शिकवतात. सामान्य नागरिकही तिथे जातात, पण त्यांना पैसे भरावे लागतात. अडीच लाख कसले मोजताय?

विलास_ठाकुर्ली
पुण्याला कुबडीवर न्यायचं, राहायचं, परत यायचं, त्यापेक्षा जयपूर फूट एका दिवसात. मी दिलेला सल्ला व्यवहार्य आहे.

सुई_दोरा
विलासदादा, जयपूर फूट उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण यांची अडचण पावलाची नाही, सॉकेटची आहे. वर्षं गेली की स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आक्रसतो, स्नायू कमी होतात. मग माणूस मोजे वाढवत जातो. दोन-तीन मोजे लागायला लागले की नवं सॉकेट घ्यायची वेळ झाली समजायचं. ते निवांत माप घेऊन, पुन्हा तपासून, घासून-ठोकून बसवावं लागतं. "सकाळी माप, संध्याकाळी पाय" याला अनुभवी माणूसही घाबरतो.
आणि कळवेकर, एक महत्त्वाचं: स्टंपवर लाली, फोड, जखम आहे का? बघितलंय का?

कळवेकर_८८
आहे, छोटी. घोट्याच्या वर म्हणजे… तिथे जिथे हाड टोचतं. मामा म्हणतात सवय आहे.

सुई_दोरा
सवय!! ती जखम बरी होईपर्यंत जुना पाय चढवू देऊ नका. कुबडीवर आहेत ते ठीक. रोज स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं ठेवा, डॉक्टरला दाखवा. जखम असताना कोणीही माप घेणार नाही. साखर तपासली का?

खारेगाव_टोल
माझ्या मेहुण्याच्या गुडघ्यावर एक तेल खूप छान लागू पडलं, कोकणातून मागवतो. नंबर पाहिजे तर मेसेज करा.

चहा_बिस्किट
@खारेगाव_टोल दादा, गुडघा दुखत नाहीये, गुडघ्याखालचा पाय नाहीये.

माई_ऐरोली
मुलाला सैनिक शाळेत घालायचं आहे, साताऱ्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी ठाण्यात कुठे करून घेतात? हा धागा सैन्याचा आहे म्हणून इथे विचारते.

हवालदार_निवृत्त
ताई, वेगळा धागा काढा.
कळवेकर, ईसीएचएसचं कार्ड आहे का मामांचं? ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या आणि पुण्याला जा.

कळवेकर_८८
नाही. मामा आत्तापर्यंत गावी होते, वाळवा तालुका. कधी काढलंच नाही. आणि ते काढायला पैसे लागतात ना?

चंपक_घोडबंदर
कार्ड नसेल तर काहीच होणार नाही. आमच्या वडिलांना दारातून परत पाठवलं होतं. पैसे भरावे लागतात, भरपूर.

हवालदार_निवृत्त
चंपकराव, अर्धी माहिती टाकू नका. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. मामा १९९२ चे, म्हणजे माफ. दुसरं म्हणजे हा माणूस १९९२ साली पहिला पाय कुठून घेऊन आला असेल? २००३ च्या आधी ईसीएचएस नव्हतंच, तेव्हाही जवानांचे पाय बनत होते. वानवडीला फोन करून आधी विचारा आणि मगच गाडी पकडा.

मुक्काम_डोंबिवली
वाळवा तालुका? म्हणजे मुरलीकांत पेटकरांचा! पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहून ५० मीटरचं सुवर्ण. मामा त्यांना ओळखतात का?

चंपक_घोडबंदर
पेटकरांचा पाय गेला नव्हता हो.

मुक्काम_डोंबिवली
मी कुठे म्हटलं गेला होता? तालुका एक आहे एवढंच म्हटलं.

कळवेकर_८८
कृपया विषयावर या. मामांचं डिस्चार्ज बुक २०१९ च्या पुरात गेलं, चिखलातून काढलं तेव्हा लगदा झाला होता. आता काय? मला संस्थेचं नाव सांगा, एवढं कागदपत्रांचं नको.

हवालदार_निवृत्त
पेन्शन कोणत्या बँकेत येते? पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स बँकेकडे असते, मामांच्या पासबुकाच्या पिशवीतसुद्धा असेल, नीट शोधा. त्यावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते. डिस्चार्ज बुकाची नक्कल मराठा रेकॉर्ड ऑफिस, बेळगाव इथून मागवता येते, वेळ लागतो, अर्ज आज टाका. आणि ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जा, ते पत्र लिहून देतात, पुढची दारं उघडतात. सगळं काम फुकट.

शंकर_वाशी
माझ्या सासऱ्यांचं स्पर्शवर (सैन्याच्या पेन्शनचं पोर्टल) आधार जुळत नाही, नावात एक अक्षर जास्त आहे, हयातीचा दाखला अडकलाय. कोणी सांगेल का?

चहा_बिस्किट
शंकरराव, तुम्हीही. वेगळा धागा.
कळवेकर, एक विचारते, राग मानू नका. हे सगळं मामांना माहीत असेल ना? १९९२ पासून ते तो पाय वापरतायत. त्यांना विचारलंत?

कळवेकर_८८
त्यांना कशाला त्रास? ते बोलत नाहीत फारसे.

विलास_ठाकुर्ली
शिबिराची तारीख कळली की टाकतो.

कळवेकर_८८
(तीन दिवसांनी) सगळ्यांचे आभार. @चहा_बिस्किट तुमचं बरोबर होतं, लिहायला लाज वाटतेय. जेवताना मामांसमोर दुकानाचा कागद ठेवला आणि म्हटलं, एखादा ट्रस्ट बघतोय. तर म्हणाले, "ट्रस्ट कशाला? मला पुण्याला सोड की." म्हणजे त्यांना माहीतच होतं! पहिला पाय तिथलाच, शेवटचा २०११ ला तिथूनच बदललेला. मग मामी आजारी पडल्या, त्यांना एकटं सोडून महिनाभर राहता येईना, तसंच राहिलं. मामी गेल्यावर मी इकडे आणलं. कुबडीवर येईपर्यंत आम्ही तर त्यांना कधी पाय काढलेलं बघितलंच नव्हतं हो, रात्रीसुद्धा दार लावून घेतात. पीपीओ पासबुकाच्या पिशवीतच निघाली, प्लास्टिकमध्ये, पूर्ण कोरडी.

हवालदार_निवृत्त
वा. जवान आहे, कागद कोरडा ठेवणारच. पुण्याची इंद्रायणी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, पण जखम बरी झाल्याशिवाय नेऊ नका. आणि त्यांनाच पुढे बोलू द्या, रेजिमेंट त्यांची आहे.

सुई_दोरा
साखर तपासली का, ते सांगा आधी.

कळवेकर_८८
तपासली. १४८, उपाशीपोटी.

सुई_दोरा
म्हणजे आधी डॉक्टर. पुणं पळून जात नाही.