शांत आरती वेगळी ठेवावी का?

घरचीच_आरती: सोसायटीच्या गणपतीत रोजची एक आरती झांजा-ताशा-माइकशिवाय व्हावी, असं माझं मत. मुलगा ऑटिस्टिक, १४ वर्षांचा, अख्खं अथर्वशीर्ष पाठ. झांजा सुरू झाल्या की कानांवर हात दाबून लिफ्टपाशी जाऊन उभा राहतो. मग कुणीतरी पेढा हातावर ठेवतं, "वहिनी, न्या त्याला घरी." हाकलत कुणी नाही, पण आपल्यातलाही धरत नाही.

पखवाजी: ताई, राग मानू नका, पण झांजांशिवाय आरती म्हणजे नुसतं वाचन. आणि 'त्यांची' आरती वेगळी काढली की दुसऱ्या आरतीला त्यानं येऊ नये, हे आपोआप ठरतं. हेडफोन लावून पहिल्या रांगेत उभा करा. (माइक मात्र बंदच करा. ऑटिझम नसलेल्यांचेही कान किटलेत.)

घरचीच_आरती: पहिली रांग त्याच्यासाठी की फोटोसाठी? हेडफोन आहेत. झांज त्यातूनही टोचते.

मागच्या_रांगेतला: मी स्वतः ऑटिस्टिक, निदान तिशीनंतर झालं. मला आवाजापेक्षा अचानकपणा छळतो. म्हणून हरिपाठ मानवला: 'देवाचिये द्वारी'पासून ठरलेला क्रम, ठरलेली पावली. टाळ कधी थांबणार ते ठाऊक असतं. त्रास संपल्यावर होतो. जो तो पाया पडतो, उराउरी भेटतो. मी मागे सरून हात जोडले की 'लई शिष्ट आहे'.

वऱ्हाडी: रिद्धपूरचे गोविंदप्रभू आठवा, तेरावं शतक. एकटेच हसायचे, स्वतःशी बोलायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, महारा-मांगांच्यासुद्धा. लोक त्यांना वेडे म्हणत आणि मायबापही मानत. महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांत, म्हणजे आपल्या पाच अवतारांत धरतो. आपल्याकडे जागा होती हो, डीजेवाल्या मंडळांनी घालवली.

मागच्या_रांगेतला: आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं निदान चिकटवू नका. त्यांना जागा मिळाली ती अवतार म्हणून. मला नुसता टाळकरी व्हायचंय. 'देवाघरचं लेकरू' म्हणून पाया पडणारेच त्या लेकराला पंगतीत वाढायला देत नाहीत, हे पाहिलंय.

पखवाजी: हे पटलं. वेगळ्या आरतीला विरोध कायम. तोडगा सांगतो: 'सुखकर्ता' सगळ्यांनी टाळ्यांवर म्हणू, झांजा त्यानंतर.

घरचीच_आरती: म्हणजे आम्ही पहिली आरती झाली की घरी? त्याला सगळ्यात आवडतं ते 'घालीन लोटांगण', गोल फिरायला मिळतं म्हणून. ते शेवटी असतं.

पखवाजी: मग झांजा 'घालीन लोटांगण'ला खाली ठेवू. रविवारच्या मीटिंगला मांडतो. ताशावाली पोरं ऐकतील याची हमी देत नाही.