आजीनं फक्त तुम्हालाच सांगितलेलं काही आहे का?

आजी आणि नात यांच्यात असं बरंच काही चालतं जे मधल्या माणसाला, म्हणजे आईला किंवा बाबांना, कळतच नाही. तेच इथे लिहूया. गोडगोडच पाहिजे असं काही नाही, भांडणं पण चालतील.

माझ्यापासून सुरुवात करते. माझं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यात थांबलं तेव्हा सगळे म्हणत होते, विसर आता, पुढचं बघ. आईची आई माझ्याजवळ राहायला आली, पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही, मग माझे केस विंचरता विंचरता म्हणाली की तुझ्या आईच्या आधी मला एक मुलगी झाली होती, जगली नाही. आईला हे माहीतच नव्हतं! आजीनं तिचं नाव पण ठरवलं होतं, ते तिनं मला सांगितलं आणि म्हणाली, विसरायचं नसतं गं, कोण म्हणतं विसर म्हणून. आईला का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे तिला उगाच वाटत राहिलं असतं की आपण कुणाच्या तरी जागी आलो.

नंतर कुठेतरी वाचलं की मुलगी आईच्या पोटात असतानाच, साधारण 20व्या आठवड्यापर्यंत, तिची स्त्रीबीजं तयार झालेली असतात. म्हणजे आई आजीच्या पोटात होती तेव्हा मी ज्या बीजातून झाले ते पण तिथेच होतं. हे आजीला सांगितलं तर ती जराही चकित झाली नाही, म्हणाली, मग, मला ठाऊकच होतं.

---

ताई, वाचून गलबलून आलं. माझी आजी वडिलांची आई, त्यामुळे ते बीजाचं आम्हाला लागू नाही, पण आमचंही एक आहे. बारावीला बायोलॉजी होतं तेव्हा मी तिला समजावलं की बाबांकडे एक्स गुणसूत्र एकच, ते तुझ्याकडून आलेलं, मुलगी झाली की तेच तिला मिळतं आणि मुलगा झाला तर आजोबांकडून आलेलं वाय जातं. म्हणजे तुझं एक्स माझ्यात आहे, दादात नाही. तिनं ते मला कागदावर काढून द्यायला लावलं, कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला, आणि कुणी वंशाचा दिवा वगैरे म्हटलं की कागद बाहेर!

---

माझं असं नाही, लिहू की नको असं झालं होतं. माझी आजी सतत मला मापायची. रंग, उंची, मोठ्यानं हसणं, उशिरा घरी येणं, सगळंच. शेवटी आजारी होती तेव्हा मी तिची नखं कापत होते तर अचानक म्हणाली, मला कुणी कधी बाहेर जाऊच दिलं नाही, तू गेलीस की राग यायचा आणि तू येईपर्यंत डोळ्याला डोळा पण लागायचा नाही. सगळं माफ झालं असं मी म्हणणार नाही. पण तो राग माझ्यावरचा नव्हता एवढं कळलं.

---

मी नात नाही, आजी आहे, चालेल ना? 2021 मध्ये अमेरिकेत एमरी विद्यापीठाच्या जेम्स रिलिंग यांच्या टीमनं 50 आज्यांचे मेंदू स्कॅन केले होते, त्याबद्दल वाचलं. नातवंडाचा फोटो बघताना समोरच्याची भावना आपल्यालाच जाणवते तो भाग जास्त जागा होतो, आणि स्वतःच्या मोठ्या झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो बघताना त्यांच्या मनात काय चाललंय हे समजून घेणारा भाग. अगदी पटलं मला. लेक रडली की मी आधी कारण शोधते, आता काय करायचं ते बघते. नात रडली की आधी मलाच रडू येतं, कारण मग नंतर. लेक लहान होती तेव्हा माझ्या डोक्यात घड्याळ असायचं, नोकरी, घर, हिचा अभ्यास, लोक काय म्हणतील, आणि तिच्यासाठीची भीती तर कायमच. नातीची जबाबदारी घ्यायला तिचे आईबाप आहेत. तिच्याजवळ मी नुसती बसू शकते, आणि माणूस नुसतं बसलं की बोलतं.

---

चालेल काय काकू, तुम्ही अजून लिहा. आणि लेकीलाही वाचायला द्या हे.

---

माझी आजी फक्त लाईट घालवल्यावर बोलायची. दिवसा तोच विषय काढला तर म्हणायची, काहीतरीच काय! अशाच एका रात्री कळलं की तिला लहानपणी मस्त पोहता यायचं आणि लग्नानंतर ती पाण्यात उतरलीच नाही, बाबांना तर हे ऐकून धक्काच बसला. मी क्लास लावला तेव्हा ती काठावर खुर्ची टाकून बसायची आणि सगळ्यांसमोर ओरडायची, पाय मार गं, पाय! आता तिलाच उतरवायचंय, डॉक्टर हो म्हणालेत, आजी अजून विचार करतेय.