रीफ टाकीतला वाळूचा खोल थर सुरक्षितपणे कसा काढावा?

भरती_ओहोटी
नमस्कार. माझी रीफ टाकी (प्रवाळे असलेली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी) १२० × ५० × ५० सेंटिमीटरची असून ती सात वर्षे चालू आहे. तळाशी बारीक अरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटच्या) वाळूचा सुमारे १२ सेंटिमीटर जाड थर आहे. वर्षभरापासून काचेलगत काळे पट्टे दिसू लागले आहेत, नायट्रेट पूर्वीसारखे आटोक्यात राहत नाही आणि फॉस्फेटचे शोषक बदलले तरी काही दिवसांत फॉस्फेट पुन्हा वर येते. त्यामुळे थर काढून तळ उघडा ठेवायचे ठरवले आहे. टाकीत प्रवाळे, दोन क्लाउनफिश आणि रात्री वाळूत शिरून झोपणारा एक रॅस मासा आहे. सगळे खडक वाळूवरच टेकलेले आहेत. जीव आत असताना वाळू थोडी थोडी काढता येईल, की टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल?

सागरतळ
ते काळे पट्टे म्हणजे काय, हे आधी लक्षात घ्यावे. प्राणवायू वाळूच्या केवळ वरच्या भागात पोहोचतो. त्याखालचे जिवाणू नायट्रेट वापरून नायट्रोजन वायू सोडतात, आणि खोल थर ठेवला जातो तो याचसाठी. जिथे नायट्रेटही संपते तिथे मात्र दुसरे जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि त्याचा लोहाशी संयोग झाला की वाळू काळी पडते. हे सल्फाइड माशांची पेशीय श्वसनक्रिया रोखते, शिवाय त्याचे ऑक्सिडीकरण होताना पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडतो. सडक्या अंड्यांसारखा किंचित वास आला म्हणून घाबरू नये, कारण आपल्या नाकाला तो अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. भरलेल्या टाकीत वाळू ढवळली जाणे हा खरा धोका आहे.

म्हणून वाळू हाताने न उपसता सायफनच्या नळीने, तिच्यातल्या पाण्यासकट बाहेर ओढावी. नळी थेट तळापर्यंत खुपसावी, म्हणजे काळे पाणी टाकीत न पसरता बादलीत जाते. मी दर आठवड्याच्या पाणीबदलाच्या वेळी एकेक पट्टा काढत गेलो. काढलेल्या भागात शेजारची वाळू घसरते, ती अडवण्यासाठी अॅक्रिलिकची पट्टी उभी रोवावी. त्या दिवशी सक्रिय कोळसा आणि फिल्टरचा बारीक कापूस लावून ठेवावा आणि पुढचा पट्टा घेण्यापूर्वी अमोनिया तपासावा.

शंख_शिंपला
वरील पद्धत मोकळ्या भागासाठी उत्तम आहे, परंतु खडक वाळूवर टेकलेले असताना त्यांच्याखालची वाळू ओढणे मला मुळीच पटत नाही. आधार निघाला की रचना कोसळते, आणि खाली तळाची काच असते. माझ्याकडून नेमकी उलट चूक झाली होती: भरलेल्या टाकीत अर्धा पुरलेला मोठा खडक मी सरळ वर खेचला. काळा ढग उठला आणि थोड्याच वेळात मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले. ताबडतोब मोठा पाणीबदल केला आणि एअरपंप लावला, म्हणून ते वाचले.

तुमच्या बाबतीत मी एकाच दिवसात काम उरकेन. साधा हिशोब करा: १२० × ५० × १२ म्हणजे ७२ लिटर वाळू, वजनाने साधारण १०० किलो. ती नेण्यासाठी मजबूत बादल्या हव्यात, आणि त्या अर्ध्याच भराव्यात. टाकीतले वरचे स्वच्छ पाणी आधी पिंपांत काढावे, त्यात हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) लावून खडक, प्रवाळे आणि मासे हलवावेत. खडकांच्या तळाला चिकटलेली वाळू वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात धुवावी. पाणी उपसण्यापूर्वी टाकीतला हीटर बंद करावा, कारण तापलेला हीटर उघडा पडला तर तडकतो. झोअँथिड (प्रवाळांसारखे जीव) असतील तर हातमोजे आणि चष्मा घालावा. त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे घातक विष असते.

नवे मिठाचे पाणी आदल्या दिवशीच तयार ठेवावे, आणि तेही नेहमीपेक्षा बरेच जास्त. उपसताना गढूळ झालेले पाणी फेकावेच लागते, शिवाय वाळूने व्यापलेली जागाही भरावी लागते. कणांमधल्या पोकळ्या वगळल्या तरी ती जागा ४० लिटरच्या आसपास भरते. ऑटो टॉप-ऑफ (पाण्याची पातळी घटली की आपोआप गोडे पाणी भरणारा पंप) बंद केला नाही, तर हीच तूट तो गोड्या पाण्याने भरून काढेल आणि क्षारता कोसळेल.

भरती_ओहोटी
टॉप-ऑफचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. दोन्ही पद्धती एकत्र करता येतील का? म्हणजे समोरचा मोकळा भाग तीन-चार पाणीबदलांत काढायचा आणि खडकांखालच्या भागासाठी एक दिवस राखून ठेवायचा. आणि रॅसचे काय करावे?

सागरतळ
तसे अवश्य करावे. शेवटच्या दिवशी उपसायची वाळू आणि गढूळ पाणी दोन्ही कमी होतील. रॅससाठी पसरट डब्यात सात-आठ सेंटिमीटर धुतलेली नवी वाळू भरून तो कोपऱ्यात ठेवावा, आणि पहिला पट्टा काढण्याच्या आधीच ठेवावा, म्हणजे त्याला जागेची सवय होते. जुनी वाळू त्यात भरू नये. तिच्यात साठलेले फॉस्फेटच तर तुम्हाला टाकीबाहेर काढायचे आहे.

शंख_शिंपला
एक राहिले. नायट्रीकरण करणारे जिवाणू खडकांतही भरपूर असतात, तरी पहिला आठवडाभर अमोनिया रोज तपासावा आणि माशांना खाणे कमी द्यावे. स्किमर (फेसावाटे घाण बाहेर काढणारे उपकरण) सुरुवातीला बेसुमार फेस काढेल, त्याचा कप वर उचलून ठेवावा.