महिन्यातला एक रविवार गावाला: प्रत्येक विद्यार्थ्याला सेवादिन हवा की नको?

गिरणाकाठ

मी शिकवतो त्या महाविद्यालयात पुढच्या वर्षासाठी एक प्रस्ताव द्यायचा आहे. त्याआधी खान्देशातल्या लोकांचं मत हवं आहे, म्हणून इथे मांडतो.

महिन्याचा शेवटचा रविवार सेवादिन. सकाळी आठ ते दुपारी एक. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या (रासेयो) मुलांपुरता नाही, पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी. महाविद्यालयापासून दहा किलोमीटरच्या आतलं एक गाव घ्यायचं आणि वर्षभर तेच धरून ठेवायचं.

मी स्वतः दोन वर्षं रासेयोत होतो. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. नियम आजही तोच: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक गावात सात दिवसांचं हिवाळी शिबिर. या शिबिराने मला घडवलं, हे मी कुठेही सांगेन. पण सातातला पहिला दिवस सामान लावण्यात जातो, शेवटचा समारोपात. मधल्या पाचांत घरं ओळखीची व्हायला लागतात, एखादी आजी नावाने हाक मारायला लागते, तोवर सामान न्यायला टेम्पो दारात उभा. त्यातून योजनेच्या एका एककात (युनिटमध्ये) शंभरच मुलं. बाकीच्यांचं काय?

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडून काढत. रोज. ते बघून मुलं शिकली. सेवा ही लावायची सवय आहे आणि वर्षातून एकदा केलेल्या गोष्टीची सवय होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. सक्ती वाटली तरी चालेल, पहिली दोन वर्षं तरी ती हवी.

दादर आणि कापूस

माझा साफ विरोध. मी द्वितीय वर्ष कला शाखेत आहे, एरंडोल तालुक्यातून रोज एसटीने येतो. सर, तुमच्या वर्गातली किती मुलं शहरातली आहेत ते एकदा मोजा. आम्ही गावातूनच येतो आणि संध्याकाळी गावातच परत जातो. आम्हाला तुम्ही कोणतं गाव दाखवणार?

दसऱ्यापासून पुढे रविवार म्हणजे कापूस वेचणीचा दिवस. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोवर पैसे मागतो, आणि भाव काय मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी शेतात नसलो तर आईला एकटीने ओळी ओढाव्या लागतात. माझ्या वर्गातले तिघं रविवारी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, त्यातून पासाचे पैसे काढतात. त्यांना तुम्ही म्हणणार, आज मजुरी सोडा आणि दुसऱ्या गावची गटार साफ करायला चला. आणि नाही आलात तर पदवीचं क्रेडिट कापू.

साने गुरुजींचं नाव घेतलंत म्हणून म्हणतो. 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते आपल्या फैजपूरला. गुरुजी आणि त्यांच्यासारखी माणसं तिथे स्वयंसेवक म्हणून राबायला मनाने आली होती, हजेरीपटावर सही करायला कोणी आलं नव्हतं.

तापीपलीकडचा

मी शिरपूर तालुक्यातला, पाणलोटाच्या कामांवर देखरेख करतो. माझी हरकत वेगळी आहे. श्रमदानाने मन घडतं हे मान्य, पण काम होतं का?

आमच्याकडे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल आणि रुंद केले, एकामागे एक सिमेंटचे बंधारे बांधले. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात चिकणमातीचे जाड थर पाणी खाली उतरू देत नाहीत. ते थर ओलांडून खाली गेल्याशिवाय विहिरीला पाझर लागत नाही. हे काम यंत्राचं आणि जमीन वाचता येणाऱ्या माणसाचं. शंभर पोरं पाच तास टिकाव मारून जेवढं खणतात तेवढं पोकलेन अर्ध्या तासात खणतो. चुकीच्या जागी उथळ चर खणले तर पहिल्या पावसात बुजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलांचा घाम मोलाचा आहे, म्हणूनच तो वाया जाऊ नये असं वाटतं.

निवृत्त मास्तर

नऊ वर्षं कार्यक्रम अधिकारी होतो. वरच्या तिघांचंही थोडंथोडं खरं आहे, पण ज्यावर कोणी बोललं नाही त्यावर बोलतो: काम कधी करायचं.

वनराई बंधारा घ्या. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, त्यात नाल्यातलीच वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं आणि प्रवाहाला आडव्या, सांधेमोड करून रचायच्या. पंचवीस पोरं एका दिवसात उभा करतात, पोकलेन लागत नाही. अडलेल्या पाण्यावर हरभऱ्याला एखादं पाणी मिळतं, गुरांना प्यायला होतं. पण हा बंधारा ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नाला वाहता असताना घालावा लागतो. आमचं शिबिर असायचं डिसेंबर-जानेवारीत, कारण परीक्षा तेव्हा संपतात. एका वर्षी आम्ही कोरड्या नाल्यात बंधारा बांधला. सुबक होता. अहवालात त्याचा फोटोही लागला. पाणी एक थेंब अडलं नाही. ती चूक माझीच होती, तारीख मी ठरवली होती.

दुसरी गोष्ट झाडांची. जुलैत गायरानावर दोनशे रोपं लावली. दिवस सुंदर गेला. मुलं चिखलात माखलेली, गावाने पिठलं-भाकरी खाऊ घातली. निघताना एक म्हातारी म्हणाली, "झाडं ते लागनात, पन यास्ले पानी कोन घाली?" मी हसून म्हणालो, गाव घालेल. मार्चात गेलो तर काटक्या उभ्या होत्या, उरलेलं शेळ्यांनी खाल्लं होतं. त्या बाईचा प्रश्न मला अजून सोडत नाही. मुलं वर्षातून एकदा न येता दर महिन्याला आली असती, तर उन्हाळ्यात चार खेपा पाण्याच्या झाल्या असत्या आणि निदान पन्नास झाडं जगली असती. म्हणून गिरणाकाठ यांच्या "वर्षभर तेच गाव" याला माझा पूर्ण पाठिंबा. "प्रत्येक विद्यार्थी" याला नाही. चारशे मुलं एका गावात उतरवली तर त्यांना पाणी पाजण्यातच गावाचा दिवस जाईल.

अक्राणीची

मी धडगाव (अक्राणी) तालुक्यातली, सध्या नंदुरबारला शिकते. आमच्या पाड्यावर शिबिर आलं होतं तेव्हा मी दहावीत होते, म्हणजे ज्यांची सेवा होते त्यांच्या बाजूने सांगते आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडून गाड्या भरून माणसं गुजरातेत जातात, ऊसतोडीला, कापसाला. परततात होळीला. सातपुड्यात होळी हाच मोठा सण, त्यासाठी माणूस कुठूनही घर गाठतो. शिबिर जानेवारीत आलं. पाड्यावर कोण होतं? म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोडलेली लहान मुलं. ताई-दादांनी बालविवाहावर पथनाट्य केलं, मनापासून केलं, घसा बसेपर्यंत ओरडले. पण ज्या आईबापांनी ते बघायला हवं होतं ते उसाच्या फडात होते. त्यात नाटक मराठीत. माझ्या आजीला पावरी सोडून काही येत नाही. तिने मला विचारलं, ही मुलं रागावली आहेत का?

तरीही मी सेवादिनाच्या विरोधात नाही. मागच्या वर्षी आम्ही वर्गातल्या सहा पावरी-भिलोरी बोलणाऱ्या मुली सुटीत आपापल्या पाड्यांवर बसलो. निराधार योजनेचे अर्ज भरले, कुणाचं आधार मोबाइलला जोडलेलं नाही ते शोधलं, तहसीलला सोबत गेलो. आमच्याबरोबर ना बॅनर होता ना टोपी. आमची भाषा मला शाळेत कायम लपवावीशी वाटायची. त्या दिवशी कचेरीत आजी आणि साहेब यांच्यात मी उभी होते आणि दोघांनाही माझी गरज होती.

दादर आणि कापूस

अक्राणीची ताई, हे पटलं. असं काम असेल तर मी स्वतःहून येईन. आमच्या गावात ई-पीक पाहणी म्हातारे शेतकरी स्वतः करू शकत नाहीत. ॲप उघडत नाही, फोटो चढत नाही, बांधावर रेंज नाही. पीक नोंदलं गेलं नाही तर पुढे विमा, नुकसानभरपाई सगळीकडे अडचण. दोन पोरं फोन घेऊन बांधाबांधाने फिरली तर आठवड्यात गाव पूर्ण होईल. पण ते ऑगस्ट-सप्टेंबरात, तुमच्या शेवटच्या रविवारी नाही. मुदत संपली की संपली.

तापीपलीकडचा

इथे मला थांबवावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसाचा आधार क्रमांक, बँकेचं पुस्तक, मोबाइलवर आलेला ओटीपी, हे सगळं एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचं? पोरं चांगली आहेत. पण आपणच गावोगाव सांगतो की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि मग टोपी घातलेलं पोरगं तोच ओटीपी विचारणार. उद्या तशीच टोपी घालून भलताच कोणी आला तर? बंधारा चुकला तर पाणी वाहून जाईल, इथे माणसाच्या खात्यातले पैसे जातील.

अक्राणीची

भीती खरी आहे, दादा. म्हणून आम्ही तीन नियम पाळले. फोन ज्याचा त्याच्याच हातात, आकडे तोच दाबणार. ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरचं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं. आणि कोणतंही कागदपत्र आमच्याकडे ठेवायचं नाही, फोटोही काढायचा नाही. वेळ तिप्पट लागतो, लागू दे. पण तुम्ही म्हणता म्हणून हे काम सोडलं तर माझी आजी जाईल कुठे? बाहेर पैसे घेऊन अर्ज भरणाऱ्याकडे. तो ओटीपी विचारत नाही असं वाटतं का तुम्हाला?

पांझराकाठ

मी शेतकरी, साक्री तालुक्यातला. विद्यार्थी नाही, शिक्षक नाही, पण सक्तीच्या विषयावर बोलायचं आहे.

पांझरेवर आमची फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याच्या पाळीवरून भांडण नाही. पाणी सोडायला पाटकरी. आजोबा सांगायचे, हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस जायचाच. त्याला कोणी सेवा म्हणत नव्हतं. सक्ती होती आणि ती कोणाला टोचत नव्हती, कारण त्या पाटाचं पाणी आपल्याच वावरात येणार होतं.

आमच्याच तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखून परत उभं केलं, 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते जंगल काही एका दिवसाच्या वृक्षारोपणाने उभं राहिलं नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडणाऱ्याला दंड, आणि हे सगळं गावाने स्वतःवर घालून घेतलेलं. बाहेरच्या मुलांनी तिथे जाऊन झाडं लावण्यापेक्षा, गाव असा निर्णय घेतं कसा, भांडतं कसं, मिटवतं कसं, ते बघत बसावं. तेवढं पुरे आहे. गिरणाकाठ सर, तुमच्या सक्तीत मुलांच्या वावरात कोणतं पाणी येणार, ते सांगा. क्रेडिट म्हणालात तर मी ते पाणी धरणार नाही.

यावलची आई

थोडकं विचारते. माझी मुलगी जाईल, मी पाठवेन. पण त्या गावात मुलींसाठी शौचालय कुठे आहे, आणि एक वाजता सुटल्यावर परत आणणारी गाडी कोणाची, हे आधी कागदावर द्या. मागच्या शिबिरात मुली दिवसभर पाणी न पिता राहिल्या. हे सांगायला त्यांना लाज वाटते, म्हणून मी सांगते. आणि मार्चनंतर आठ ते एक ठेवू नका. जळगाव जिल्ह्यातलं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. सहा ते नऊ करा.

गिरणाकाठ

यावलच्या ताईंचा मुद्दा माझ्या यादीतच नव्हता, आणि मी दहा वर्षं शिकवतो आहे. आता तो पहिला असेल. ज्या गावात ती सोय नाही तिथे पहिलं काम तेच.

पांझराकाठ यांच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. रात्री विचार करून प्रस्ताव असा बदलला आहे. सक्ती नाही, दर महिन्याचा रविवारही नाही. वर्षातून सहा दिवस, आणि ते दिवस गाव ठरवणार. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पाच-सहा मुलं जाऊन बसतील, भाषण करणार नाहीत, फक्त ऐकतील आणि लिहून आणतील. लगेच नाल्याला पाणी असताना वनराई बंधारा, जागा दाखवायला तापीपलीकडचे दादा एक दिवस येतील का, हे विचारतो आहे. वेचणीच्या दिवसांत काही नाही. होळीनंतर, माणसं परतली की, अर्ज आणि कागदपत्रं, अक्राणीचीने सांगितलेल्या तीन नियमांनी. एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी, पहाटे. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी.

मास्तर, दोनशे नाही, चाळीसच झाडं लावू.

तापीपलीकडचा

जागा दाखवायला येतो. गोण्या धुऊन आणा, सिमेंट राहिलं की शिवण धरत नाही. कागदपत्रांच्या कामाला माझा विरोध अजून आहे.

दादर आणि कापूस

सर, एक राहिलं. आमच्या गावच्या ग्रामसभेला मी तसाही जातो. गेल्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा विषय मीच लावून धरला होता. वडिलांच्या वयाची माणसं खाली बस म्हणत होती, तरी उभा राहिलो. माझ्याच गावात, माझ्याच लोकांसाठी केलेले हे तास तुमच्या वहीत धरणार, की त्यासाठी मला दहा किलोमीटरवरच्या गावातच यावं लागेल?