प्रॉक्सी लावला तरी एका साइटला माझा खरा आयपी दिसतोय, असं का?

पायताणवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. महाद्वार रोडजवळ आमचं चपलांचं दुकान आहे. नेटवर एक जण रेक्झिनचा माल ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकतोय. एक जोड मागवून खात्री करून घेतली. आता त्याच्याच साइटवर तसा रिव्ह्यू लिहायचाय, पण धंद्यातली माणसं, उद्या समोरासमोर गाठ पडायचीच. मी लिहिलंय हे त्याला कळायला नको.

भाच्यानं ब्राउझरमध्ये कुठलासा फुकटचा प्रॉक्सी घालून दिला, म्हणजे मधला सर्व्हर; साइटला माझा आयपी (नेटवरचा पत्ता) न दिसता त्याचा दिसतो म्हणे. आयपी दाखवणाऱ्या एका साइटवर जर्मनी आलं, बरं वाटलं. दुसरीवर वर जर्मनी आणि खाली ‘वेबआरटीसी’ असं लिहून माझाच आयपी! त्यापुढं गाव पुणे. मी तर इथं कोल्हापुरात बसलेय. हे काय गौडबंगाल? आणि तो प्रॉक्सीवाला माझे पासवर्ड बघू शकतो का?

रंकाळा_पॉइंट

व्हीपीएन घ्या ताई, सगळं नेट कुलूपबंद करून एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेतो, विषय संपला. प्रॉक्सी-बिक्सी जुन्या जमान्यातलं.

जुना_कॅफेवाला

संपत नाही भावा, जरा थांब.

ताई, राजारामपुरीत माझा नेट कॅफे होता. दहा मशीन, कनेक्शन एकच, आणि मध्ये एक जुनाट पीसी, त्यावर स्क्विड नावाचा प्रॉक्सी. आतल्या मशीनना १९२.१६८ नं सुरू होणारे घरगुती आयपी, बाहेर मात्र सगळे एकाच आयपीवरून आल्यासारखे दिसायचे. सहा नंबरला कोण बसलंय हे साइटला कळत नसे. मला कळायचं, आणि तो कुठली साइट उघडतोय तेही. एकदा कुणीतरी आमच्याकडं बसून शिवीगाळीचा मेल पाठवला. पोलीस आयपीवरून कॅफेपर्यंत आले, प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, वेळ आणि मशीन सापडलं, रजिस्टरात त्या वेळची सही. चहा थंड व्हायच्या आत नाव हातात. पुढं २०११ च्या सायबर कॅफे नियमांत तर लिहूनच आलं, की प्रॉक्सीचे लॉग किमान एक वर्ष जपून ठेवायचे.

तर तुमच्या त्या जर्मनीतल्या प्रॉक्सीच्या गल्ल्यावर कोण बसलंय, हे भाच्याला विचारा. त्याला माहीत नसणार. फुकटच्या यादीतले बरेच प्रॉक्सी कुणीतरी चुकून उघडे ठेवलेले असतात, काही व्हायरस लागलेल्या मशीनवर चालतात. दुकानदारापासून तुम्ही लपलात, पण या अनोळखी माणसाला तुमचा आयपी आणि तुम्ही कुठं जाता ते दोन्ही आयतं मिळालं.

आता तुमचा खरा आयपी दिसला कसा ते. ब्राउझरमधला साधा प्रॉक्सी वेबपानांची ने-आण करतो. वेबआरटीसी ही व्हिडिओ कॉलसाठीची सोय. समोरच्यापर्यंत थेट वाट सापडावी म्हणून ती बाहेरच्या एका सर्व्हरला ‘मी तुला कुठल्या आयपीवरून दिसतोय?’ असं विचारते, आणि ही विचारणा यूडीपीवरून जाते, म्हणजे डेटा पाठवायच्या एका वेगळ्या पद्धतीनं. तुमच्यासारख्या वेबपानांच्या (एचटीटीपी) प्रॉक्सीला यूडीपी झेपत नाही, म्हणून ती त्याला वळसा घालून सरळ तुमच्या कनेक्शनवरून जाते. फायरफॉक्स असेल तर ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘मीडिया.पीअरकनेक्शन.एनेबल्ड’ शोधून ‘फॉल्स’ करा. मग त्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ कॉल चालणार नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

पुण्याचं विशेष काही नाही. आयपीवरून गाव काढणाऱ्या साइट स्वतःच्या याद्या बघून सांगतात, आणि नेट कंपनीचा आयपींचा गठ्ठा यादीत पुण्या-मुंबईच्या नावावर असला की आपण सगळे पुणेकर. (कोल्हापुरात हे कुणाला आवडत नाही, पण इलाज नाही.) मोबाईल डेटावर तर एका आयपीमागं कितीतरी गिऱ्हाईकं असतात. तिथं माणूस शोधायला पोलिसांनाही आयपीसोबत नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर (एकाच आयपीमागची कनेक्शनं वेगळी ओळखायचा आकडा) लागतो. नुसत्या आयपीवरून तो चपलावाला तुमच्या दारात येऊ शकत नाही.

आणखी एक तपासा. काही प्रॉक्सी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाच्या ओळीत तुमचा मूळ आयपी साइटला स्वतःहून कळवतात. चोरून गेलेल्या माणसानं दारात व्हिजिटिंग कार्ड देण्यातला प्रकार. आयपीच्या साइटवर हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या अशा ओळी, दाखवायची सोय असते, तिथं बघा.

पासवर्डचं: साइटचा पत्ता एचटीटीपीएसचा (कुलूपबंद) असेल तर प्रॉक्सीवाल्याला साइटचं नाव आणि किती डेटा गेला एवढंच कळतं. साधा एचटीटीपी असेल तर सगळं उघडं. ‘आधी आमचं सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागं फिरा, ते घातलं की एचटीटीपीएसच्या आतलंही त्याला वाचता येतं.

रंकाळा_पॉइंट, व्हीपीएन अख्ख्या फोनची वाहतूक नेतो, प्रॉक्सीपेक्षा बरा. पण गल्ला तिथंही आहेच. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी पाच वर्षं ठेवायचे. म्हणून तर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी इथले सर्व्हरच काढून नेले. टॉर नावाचा ओळख लपवणारा ब्राउझर आहे, त्यात तुमच्या आणि साइटच्या मध्ये तीन जण असतात. पहिल्याला तुम्ही माहीत, तिसऱ्याला साइट, दोन्ही कुणा एकाला नाही. पण चालतं सावकाश आणि दुकानांच्या साइट बऱ्याचदा अडवतात.

आता हे सगळं बाजूला ठेवा. ताई, जोड मागवताना पत्ता कुणाचा दिलात?

पायताणवाली_कोल्हापूर

पत्ता जाऊबाईंच्या माहेरचा, इचलकरंजीचा. पैसे मात्र माझ्या यूपीआयवरून गेले. रिव्ह्यू लिहायला त्याच ऑर्डरच्या नंबरनं लॉगिन करावं लागतं.

ते फॉल्स केलं, दुसऱ्या साइटवरून माझा आयपी गेला.

जुना_कॅफेवाला

मग आयपी गेला काय नि राहिला काय! ऑर्डरीवर मोबाईल नंबर, यूपीआयवर तुमचं नाव. त्याला प्रॉक्सी शोधायची गरजच नाही, ऑर्डरींची यादी उघडली की झालं.

गांधीनगर_मार्केट

लपायचं कशाला पण? पावती आहे, माल हातात आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं तक्रार द्या. नाव त्यांना द्यावं लागेल, पण मुद्दा खरा आहे. उलट लपून लिहिलं आणि पुढं कळलं, तर तो म्हणणार धंद्याच्या वैरातून केलं.

पायताणवाली_कोल्हापूर

हे सासऱ्यांना विचारून बघते. एक राहिलंच, भाच्यानं माझ्या फोनमध्येही तोच प्रॉक्सी घातलाय. बँकेचं ॲप चालतं त्यावर. काढू का?

जुना_कॅफेवाला

आजच काढा. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन, दुकानाच्या वायफायचं नाव दाबून धरा, बदल करायच्या पर्यायात प्रॉक्सी ‘नन’ करा. तो त्या एका वायफायपुरताच असतो, आणि अँड्रॉइडमधली बरीच ॲप त्याला जुमानतही नाहीत. म्हणजे तुम्हाला वाटणार सगळं जर्मनीतून चाललंय, आणि निम्मं महाद्वार रोडवरूनच. घरच्या वायफायलाही घातलाय का, ते भाच्याला विचारून घ्या.