सीएफए फ्रँकचा दर 'अर्धं शतक हलला नाही', पण कोणाच्या मर्जीने?

डाकारकर
हिशेबनीस यांनी परवा लिहिलं की, "रुपया घसरतच राहिला, पण पश्चिम आफ्रिकेचा सीएफए फ्रँक (सेनेगल, आयव्हरी कोस्ट वगैरे देशांचं सामाईक चलन) फ्रेंच फ्रँकला जवळजवळ अर्धं शतक एकाच दराने चिकटून राहिला. गरीब देशांनी चलन मोठ्या देशाच्या खुंटीला बांधावं." ते वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आकडे खरे आहेत. डिसेंबर १९४५ मध्ये १ सीएफए म्हणजे १.७० फ्रेंच फ्रँक, ऑक्टोबर १९४८ पासून २ फ्रँक. १९६० मध्ये फ्रान्सने स्वतःच्या चलनातली दोन शून्यं उडवली, तेव्हा ५० सीएफएला १ नवा फ्रँक. पण खुंटी कोणाच्या अंगणात होती? १९६९ मध्ये फ्रान्सने फ्रँकचं अवमूल्यन केलं, त्यासरशी सीएफएसुद्धा डॉलरसमोर खाली आला.

११ जानेवारी १९९४ ला मी सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये नोकरीला होतो. अवमूल्यनाला हयातभर विरोध करणारे आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष हुफुए-ब्वान्यी जाऊन जेमतेम महिना झालेला. सीएफए देशांचे राष्ट्रप्रमुख डाकारमध्ये जमले होते, फ्रान्सचे मंत्री आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख काम्देस्यू हजर. रात्री कळलं: उद्यापासून १०० सीएफएला १ फ्रँक. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर. दुकानदार कणीची पोती आत ओढत होता, "भाव ठरेपर्यंत विकणार नाही." तिथे रोजच्या भाताला कणीच लागते आणि ती आशियातून येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाचं दम्याचं औषध फ्रान्सचं. त्या महिन्यात त्या एक दिवसाआड डोस देत होत्या. सेनेगलमधली महागाई त्या वर्षी ३० टक्क्यांवर गेली. रत्नागिरीला आईला पाठवायचे पैसे एका रात्रीत निम्मे झाले.

हिशेबनीस
तुमच्या आईंचं वाईट वाटतं. पण ४६ वर्षांतली एक रात्र उचलून सगळं मोडीत काढताय. त्यानंतर काय झालं तेही लिहा ना! १९९९ मध्ये युरो आला, १ युरोला ६५५.९५७ सीएफए ठरला, आणि तो दर आजही तोच आहे. शेजारच्या घानाकडे बघा एकदा.

आक्रावाला
घानाचं मी सांगतो, आठ वर्षं काढलीत. २००७ च्या आधी सगळ्यात मोठी नोट २०,००० सेडीची (सेडी म्हणजे घानाचं चलन), तिचे दोन डॉलर यायचे. राजधानी आक्रात घरमालक दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. मी ते पोत्यातून नेलं आणि मालकिणीने दुपारभर ओसरीवर बसून मोजलं. मग १०,००० जुन्या सेडींचा १ नवा केला. शून्यं गेली, घसरण गेली नाही. २०२२ अखेर महागाई ५४ टक्के. डाकारकर, तुमची एक रात्र होती. आमची रोजची होती.

बीवाला
फ्रँक-सेडी राहू द्या, काजूचं बोला. १९९७ मध्ये गिनी-बिसाऊ सीएफएत गेला, त्यांच्या जुन्या ६५ पेसोंना १ सीएफए. त्यांची बहुतेक सगळी निर्यात काजू बी, आणि वर्षानुवर्षं ती आपल्याकडेच आली. आयव्हरी कोस्टची, बेनिनची वेगळीच. आमच्या वेंगुर्ला ४ आणि ७ या जातींची बी कोणी विचारत नाही. आयातशुल्क ५ टक्के होतं, ते २०१८ मध्ये अडीचवर आणलं. सावंतवाडीच्या बाजारात व्यापारी बी हातात घेऊन म्हणतो, "आफ्रिकेची स्वस्त पडते." हमीभाव कोण देणार?

वेंगुर्ल्याची सुमनताई
बीवाले, आमचा छोटा कारखाना आहे. कोकणची बी दोन-तीन महिने पुरते. पुढे आफ्रिकेची आली नाही तर बी उकडायची कोणी आणि फोडायची कोणी? माझ्याकडच्या बायकांनी घरी बसायचं का?

बीवाला
बायकांना पुढे करू नका. कारखानदारांना स्वस्त माल हवा, एवढंच आहे हे.

वेंगुर्ल्याची सुमनताई
तोंड सांभाळून बोला! गेल्या हंगामात तुमच्यासारख्यांची ओली बी घेतली, आठवड्यात बुरशी धरली. वाळवून आणा, तुमचीच आधी घेईन.

डाकारकर
ताई, बीवाले, तुमच्या भांडणाचं मूळ याच दरात आहे. सौदा डॉलरमध्ये होतो, पण तिकडच्या शेतकऱ्याच्या हातात सीएफए पडतात. युरो वधारला की सीएफएही वधारतो, मग त्याच डॉलरचे कमी सीएफए मिळतात. त्याच्या गावात काहीही बदललेलं नसतं.

आक्रावाला, पोत्यातलं भाडं वाचून गप्प झालो. बांधलेल्या दराने रोजची झीज वाचते, हे मला मान्य करावं लागतंय. पण त्याची किंमत बघा: निम्मी परकीय गंगाजळी पॅरिसच्या सरकारी तिजोरीत ठेवावी लागायची, एके काळी तर ६५ टक्के. नोटा छापायच्या फ्रान्समधल्या शामालिएरला. गिनीने (गिनी-बिसाऊ नव्हे, हा वेगळा देश) १९६० मध्ये स्वतःचं चलन काढलं, तर फ्रान्सच्या हेरखात्याने तिथे खोट्या नोटा घुसवल्या. गंगाजळीची ती अट काढायची घोषणा फ्रान्सचे मॅक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे वातारा या अध्यक्षांनी केली डिसेंबर २०१९ मध्ये!

हिशेबनीस
१९९४ मी माझ्या लेखात घालायला हवं होतं. चुकलं. खुंटीबद्दल माझं मत तेच आहे.

बीवाला
ताई, वाळवलेली बारा पोती पडवीत आहेत. भाव सांगा.